सालेहभाईंचा मुलूख

३ जानेवारी १९४९, औरंगाबाद

आजपासून रोजनिशी मराठीत. आजवर उर्दूत लिहीत आलो. शिकलो उर्दूत, शाळेत तवारीख शिकवली तीही उर्दूत. आता शाळेत मराठी येणार. हेडमास्तर म्हणतात, "गणपतराव, तुमची तर मायबोली. तुम्हाला काय अवघड?"

मायबोली खरी, पण ती फुलंब्रीच्या वावरातली. तिच्यात बैल हाकता येतात, भांडता येतं. फ्रान्सची क्रांती कशी सांगायची?

तवारीख म्हणजे इतिहास. सल्तनत म्हणजे राज्य. हुकूमत म्हणजे... तेही राज्यच?

संध्याकाळी पेपर मोठ्यानं वाचला. ऐकायला कुणी नाही. सवय जात नाही.

७ जानेवारी

सालेहभाईंना नेलं त्याला आता तीन महिने झाले. सप्टेंबरात निजामावर पोलीस ॲक्शन झाली आणि पंधरवड्यात गल्लीतले सगळे अरब नेले. सा.भाई गुलमंडीच्या पलीकडच्या हवेलीवर दरवान. आयुष्य त्या दारात गेलं. कमरेचा जंबिया त्यांनी स्वतः सोडून शिपायाच्या हातात दिला. वर सांगितलं, "संभाल के, धार आहे."

माझी बायको वारल्यापासून माझ्या ओट्यावर रोज येऊन बसणारा तेवढा एकच माणूस. मी पेपर वाचायचा, त्यांनी ऐकायचं. मग त्यांचं अरबस्तानातलं हजरमौत सुरू. आजोबांचं सात मजली मातीचं घर, खजुराची बाग, गोड पाण्याची विहीर. मी हसायचो. आईच्या कडेवर बसून जहाजानं आले होते, त्यांना काय आठवणार! पण सांगताना डोळे असे करायचे की वाटावं, कालच बघून आले.

१६ जानेवारी

खैरूनबीबरोबर, अरबांना ठेवलंय त्या छावणीत जाऊन आलो. ही सा.भाईंची बायको. माहेर दौलताबादचं, शेतकऱ्याघरची, बोलणं सगळं आपल्यासारखंच. डबा घेऊन आली होती. पहारेकऱ्यानं उघडून बघितला, खलियाच्या रश्शात बोट बुडवलं. तिनं डबा पुसून झाकण लावलं.

सा.भाई वाळलेत. दाढी पार पांढरी. छावणीत अरबस्तानातून अलीकडं आलेले काही जण आहेत. ते आपसात अरबी बोलतात.

"मास्तर, मला समजतच नाही. नमाजेपुरती येते, बस. ते हसतात मला."

पहिल्यांदाच त्यांनी हजरमौतचं नाव काढलं नाही.

२४ जानेवारी

आता नक्की कळलं. ज्यांचा जन्म इथला त्यांना सोडणार. ज्यांचा तिकडचा त्यांना मुंबईहून जहाजानं एडनला. तिथून पुढं ज्याचं त्यानं.

खैरूनबी म्हणाली, "मास्तर, ते तर गावभर सांगत फिरले, मी हजरमौतचा म्हणून. आता कोण म्हणंल इथला?"

मी म्हणालो, मी म्हणतो.

३० जानेवारी

फुलंब्रीहून दादा आला. ज्वारी, गूळ, वहिनीनं दिलेलं लोणचं. छावणीची गोष्ट काढली तर ताटावरून हात आखडला.

"तुला काय रं त्यांचा पुळका? गेल्या साली पाटलाच्या दारात बंदूक घेऊन कोण बसला व्हता? अरबच ना? बाया विहिरीवर जात नव्हत्या."

"तो सालेहभाई नव्हता, दादा."

"मला काय म्हाईत. मला दाढी दिसली."

दादा खोटं बोलत नाही. बाया खरंच जात नव्हत्या. जाताना म्हणाला, गावाकडं येऊन राहा, एकटा काय करतोस इथं. मी रिकामं पोतं घडी करून त्याच्या हातात दिलं.

४ फेब्रुवारी

वर्गात स्पेनचा धडा. पुस्तकात दोनच ओळी. पुढं मी सांगत गेलो.

तिथल्या राजानं मोरिस्को लोकांना देशाबाहेर काढलं, साडेतीनशे वर्षं होत आली. मूळचे मुसलमान. धर्म बदलायला लावून पिढ्या झालेल्या. शेती करायचे, पाटाचं पाणी खेळवायचे, रेशीम काढायचे. हुकूम निघाला, तुमचा मुलूख समुद्रापलीकडं, तिकडं जा. जहाजात भरलं. पुष्कळांना अरबी येतसुद्धा नव्हती. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरले तर तिथले म्हणाले, हे तर स्पेनचे. काही ठिकाणी त्यांना लुटलं.

बोलता बोलता मराठी कधी सुरू झाली, कळलं नाही. एकदाही अडलो नाही. मागच्या बाकावरची पोरं पुढं सरकून बसली.

तास संपल्यावर हेडमास्तरांनी बोलावलं. "परीक्षेला हे येत नाही, गणपतराव. आणि दिवस कोणते आहेत ते बघा."

म्हणालो, इतिहासच शिकवत होतो. ते म्हणाले, "तेच म्हणतोय मी."

११ फेब्रुवारी

साक्ष झाली.

चौकशीचे साहेब नागपूरकडचे, तरुण, सभ्य. मला खुर्ची दिली. सा.भाई उभे. खैरूनबी दाराशी.

"तुम्ही शिक्षक. विचारपूर्वक सांगा. या गृहस्थांचा जन्म कुठला?"

"इथला. शहागंजच्या मागं त्यांच्या वडिलांची खोली होती, तिथला."

जन्माचं खोटं, खोलीचं खरं. साहेबांनी टाक उचलला, तेवढ्यात सा.भाई बोलले.

"नहीं साहब. मास्तर दोस्ती में बोल रहे. मेरी पैदाइश हजरमौत की है."

साहेब माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तुमची साक्ष मी घेतलीच नाही असं समजतो. या तुम्ही." मेहेरबानीच केली. नोकरी गेली असती.

बाहेर मला राग आवरेना. "कशाला बोललात? सुटला होतात तुम्ही!"

"सारी उमर जो बोला, आज कैसे फिरूं? अब्बा तो वहीं के थे ना."

खैरूनबी त्यांच्याकडं बघतसुद्धा नव्हती. "बापाला काय तोंड दाखवाल ते बघितलं," ती म्हणाली. "माझ्याकडं नाय बघितलं."

ते मला खोट्या साक्षीतून वाचवायला बोलले का बापासाठी, माहीत नाही. चालत पाणचक्कीपर्यंत गेलो आणि तसाच परत आलो.

२ मार्च

आज नेलं. दुपारची गाडी, मनमाडवरून मुंबई. स्टेशनात पोलीस लई, पण जवळ जाऊ दिलं. खैरूनबी आणि जालन्याची लेक जुलेखा. जुलेखाचे दिवस भरत आलेत. बापाचा हात धरून उभी होती. रडायचं काही उरलं नसावं.

सा.भाईंनी मला खिडकीशी बोलावलं. "आज पेपरात काय?"

वाचला नव्हता. म्हणालो, "दौलताबादेला अंजीर औंदा चांगला आलाय."

"और?"

"भाव पण बरा आहे."

"हां. बस, ऐसाच बोलो. दुसरं नको."

गाडी हलेपर्यंत अंजिरावर बोललो. मला अंजिरातलं काही कळत नाही.

२० मार्च

दाराला पडदा करायचा म्हणून कापड आणलं. एकटा बसलेला दिसतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांची दया नको. मग ओटाच दिसेनासा होईल म्हणून लावला नाही.

खैरूनबीनं हवेलीची खोली सोडली. तिसऱ्या गल्लीत राहते, शिवण करते. दिसली की विचारते, काही खबर? मी पेपरात जहाजांची बातमी शोधतो. एकदा सापडली, मुंबईहून गेल्याची. पोचल्याची नाही.

९ एप्रिल

ऊन फार. शाळेत मराठीची दोन नवी पुस्तकं आली. वाचताना मधेच एखादा उर्दू शब्द मनात आला की थांबतो, हा आता कुणाला सांगू असं वाटतं. लई लहान गोष्ट आहे. तरी दिवसभर पुरते.

जुलेखाला मुलगा झाला. खैरूनबी जालन्याला जाऊन आली. नाव सालेह ठेवा म्हणाली. जावयानं ठेवू दिलं नाही. म्हणाला, या नावानं पोराचं काय होणार इथं?

६ मे

आज सकाळी खैरूनबी आली. बायकामुलांसाठी आणखी एक जहाज निघणार आहे. ज्यांचे घरधनी पुढं गेलेत, त्यांना जायचं असेल तर जाता येईल. मात्र एकदा गेलं की परत यायचं नाही. तिला या आठवड्यात हो-नाही कळवायचंय.

ओट्यावर बसली, सा.भाई बसायचे त्या जागी नाही, थोडी लांब.

"जुलेखा म्हणती, नको जाऊ. अम्मा, मला कोण हाय. भाऊ म्हणतो, दौलताबादला ये, भाकरीला तोटा नाय." ओट्यावरचं वाळकं पान उचलून खाली टाकलं. "ते गेल्यापासनं एक शब्द नाय आला, मास्तर. पोचले का तेबी नाय. मी गेले आन ते तिथं नसलेच तर?"

मी म्हणालो, थांबा, चहा ठेवतो.

चहा उकळतोय. ती बाहेर बसून आहे. मी आत येऊन हे लिहितोय, कारण बाहेर जाऊन काय सांगायचं ते मला आधी कागदावर बघायचंय: जहाज मुंबईहून गेल्याची बातमी मिळाली, पोचल्याची नाही.