तिसऱ्या मजल्यावरची हवा

९ मार्च १९६४, उरण
औषधांच्या कारखान्याचे नळ जोडून पुरे. यंत्रात गार केलेलं पाणी तीन मजले फिरणार, खोल्या थंड होणार. उद्या शेठ मुंबईहून पाहुणे घेऊन येतात. दाऊदचं सकाळपासून एकच, "दामू, पानी खालून भरायचं, सावकाश. वरच्या तोट्या उघड्या ठेव. वाट दिली की हवा आपसूक जाते." जसं मला ठाऊकच नाही! पण गोदीत दोघांनी मिळून नळ वाहिले, तेव्हापासूनचा भागीदार. ऐकून घेतो.

१० मार्च
लाँच उशिरा आली. ओहोटीच्या आत मोरा बंदरातून परत सुटली पाहिजे, नाहीतर पाहुण्यांना चिखल तुडवावा लागणार. शेठ सारखे घड्याळ बघतात. "दामूभाई, जल्दी करो ने! मेहमान थंडी बघायला आले छे."
मी व्हॉल्व्ह पुरा सोडायला सांगितला. दाऊद चक्रावर हात ठेवून उभा. "ओहोटीच्या घाईनं भरशील तर हवा आत कोंडंल. मी न्हाय सोडत."
सगळ्यांदेखत म्हणालो, "तुझं काम पाना फिरवायचं. तेवढं कर."
त्याने हात काढला. व्हॉल्व्ह मीच सोडला.
खालचा मजला गार झाला, पाहुणे खूश, लाँच वेळेत. दाऊद पाना जागेवर ठेवून घरी गेलेला.

११ मार्च
तिसरा मजला तापलेलाच. पंप असा खडखडतो, जणू पोटात खडे भरलेत. दाऊद आला नाही.
त्याच्या आतेभावाचं कुवेतचं बोलावणं केव्हाचं पडून आहे. कागद तयार, पण "हितं आपलं दुकान हाय की" म्हणून हसायचा. आज सौ. बाजारातून ऐकून आली, "दाऊदभावजी शनिवारच्या लाँचेनं जातायत म्हणे."
म्हटलं, जातोय कुठला.
जेवण गेलं नाही.

१२ मार्च
पंप बंद ठेवला, हवा वर जमू दिली. मग वरच्या तोट्या एकेक उघडल्या. आधी फुसफूस, मग थुंकल्यासारखं पाणी, मग सरळ धार. तरी कुठेतरी अडलेलंच. नळाला कान लावत फिरलो. तुळईवरून नळ उचलून घेतलाय, तिथे गुळगुळ. नेमकी तिथे तोटी नाही. नवी बसवली. हवा सुटली ती सुटतच राहिली.
पंप पुन्हा लावला, आता गप्प चालतो. खोलीत गारवा. सवयीने मागे वळून म्हणालो, "बघ!"
मागे कोणी नव्हतं.

१३ मार्च
दाऊदकडे गेलो. ट्रंक भरत होता. फातिमाभाभी चहा ठेवून म्हणाली, "तुमीच समजवा दोस्ताला." काय बोलायचं ते वाटेत जुळवत आलो होतो. तो वर न बघता,
"हवा निघाली?"
"निघाली."
"तिसऱ्या मजल्याची?"
"ती पण. तुळईवर तोटी बसवली."
"बरं झालं." ट्रंकेची कडी लावली.
चहा पिऊन उठलो. जुळवलेलं तसंच राहिलं.
घरी येऊन बसल्यावर उमगलं. हवेचं विचारताना हातातला सदरा त्याने ट्रंकेत टाकला नव्हता, धरून बसला होता. "नाही रे निघत" एवढं म्हणालो असतो तर शिव्या घालत माझ्याबरोबर निघाला असता. खोटं बोलायला मला कधी जड गेलं नाही. आजच कसं...
लाँच उद्या दुपारी. सौ. विचारते, मोऱ्याला जाणार ना?
बघू म्हटलं.