ट्रक माझ्यासाठी आहे

४ जानेवारी, शनिवार
नागपूरहून खोकं आलं. नेमकं मेडिकलमध्ये गर्दी असताना. कुरिअरवाल्यानं काउंटरवर ठेवलं, हलवून बघितलं आणि दुकानभर ऐकू जाईल असं विचारलं, "मॅडम, खेळणी हाय का याच्यात? वाजून राह्यलं आतून."
हो म्हटलं. खेळणीच. जोडायचे ठोकळे, दात्यांची चाकं, दांडे, मोटरी, बॅटरीचा डबा, रिमोट. सगळं जुनं, कोणीतरी विकायला काढलेलं. याच्यातून ट्रक करायचा आहे. दगडधोंड्यांवरून चढणारा. इतके दिवस दुकानात दुपारी नुसते व्हिडिओ बघत होते. बघून बघून हात शिवशिवायला लागले.
शेजारच्या डांगेकाकू बीपीच्या गोळ्या न्यायला आल्या होत्या. त्यांनी खोक्याकडे बघितलं. मग माझ्या पोटाकडे. हसल्या.
झालं.

७ जानेवारी
गल्लीभर बातमी. दोघीतिघींनी अभिनंदन केलं, एकीनं तर चिंचा आणून दिल्या. दारव्ह्यातल्या किती बायका माझ्याकडून गरोदरपणा तपासायची पट्टी नेतात. कागदात गुंडाळून देते, आजवर कोणाचं नाव तोंडातून काढलं नाही. आणि माझं एक खोकं आलं तर...
संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं. भाकरी थापता थापता, हळूच. "रंजना, बाई, काही हाय का?"
त्या आवाजाचं काय करू. रागावताही येत नाही.
"नाही आई. ते खेळणं माझ्यासाठी आणलं."
"तुह्यासाठी?"
"हो. ट्रक बनवून राह्यली मी."
भाकरी उलटली त्यांनी. 
उपचार बंद करू, असं दोन वर्षांपूर्वी मीच गौतमला म्हटलं होतं. सुया, तपासण्या, नागपूरच्या चकरा. पुरे. तोही हो म्हणाला होता, आणि वर म्हणाला होता, आईला मी सांगतो. त्यानं सांगितलंच नाही, हे आज कळलं. दोन वर्षं त्या वाट बघतायत.
विचारलं त्याला. "सांगतो ना. वेळ पाहून सांगतो," म्हणे.

१२ जानेवारी, रविवार
सांगाडा उभा राहिला. पुढची चाकं वळतात! फरशीवर सोडला तर सुसाट गेला, उंबऱ्याला धडकला आणि आतून कटकट कटकट. दाते एकमेकांवरून उड्या मारतात. उचलला तर अर्धा ट्रक माझ्या हातात, अर्धा खाली.
गौ. चहा पीत बघत होता. "हे मागच्या खोलीत करत जा ना. दार लावून. शाळेतले लोकं येतात माह्याकडं."
"मग?"
"मग काही नाही. मास्तरची बायको खेळत बसली म्हणतील."
"म्हणू द्या."
उद्यापासून पुढच्या छपरीत बसणार. रस्त्याकडे तोंड करून.

१९ जानेवारी, रविवार
कळलं काय चुकत होतं. मोटर पळते जोरात पण ताकद नाही. मोटरीवर लहान चाक, त्याला मोठं, त्याच दांड्यावर परत लहान, पुढे परत मोठं. वेग गेला, जोर आला. आणि दात्यांच्या दोन्ही बाजूंनी आडवे ठोकळे घट्ट बसवायचे, म्हणजे दांडे फाकत नाहीत.
उंबरा चढला!! हळू, म्हशीसारखा, पण चढला. मी ओरडलेच. सासूबाई आतून धावत आल्या, काय झालं म्हणून. ट्रक बघितला आणि परत आत गेल्या.
रस्त्यानं जाणारा एक जण थांबला. "वहिनी, पोराचं हाय का?"
"नाही. माझं."
हे उत्तर आता घाबरत देत नाही. पहिल्यांदा दिलं तेव्हा कान गरम झाले होते.

२ फेब्रुवारी, रविवार
घरामागे बांधकामाच्या गिट्टीचा ढीग पडलाय, तिथे नेला. मधेच अडकला. एक मागचं चाक हवेत आणि तेच गरगर फिरतंय, जमिनीवरचं ढिम्म. वळताना चाकं घासू नयेत म्हणून मधे जी दात्यांची जोडणी घातली होती तिनंच घात केला. ज्या चाकाखाली जमीन नाही त्यालाच सगळा जोर जातो.
काढून टाकली. दोन्ही चाकं एकाच सरळ दांड्यावर. आता वळायला अंगण लागतं. लागू दे.
एक दांडा जिलबीसारखा पिळला गेला. प्लॅस्टिकच ते.
बोटांची टोकं सोलली आहेत. दुकानात गोळ्यांची पाकिटं कापताना झोंबतं. बरं वाटतं.

९ फेब्रुवारी
नणंदेचा, सुनंदाताईंचा फोन, बाभुळगावहून. त्यांच्या लेकीला मुलगा झालाय, पुढच्या रविवारी नामकरण. गौ. शी बोलत होत्या, फोन स्पीकरवर. म्हणाल्या, "रंजनानं तो ट्रक केला ना, तोच आण बाळासाठी. मोठा झाला का खेळंल. तुमच्या घरी कोण खेळणार हाय?"
"हो, आणतो ना," गौ. म्हणाला.
माझ्यासमोर. मला न विचारता.
दीड महिन्याचं पोर! त्याला मान धरता येत नाही अजून.
"ट्रक जाणार नाही," मी म्हटलं.
"अवं, दुसरा बनव ना तू. ठोकळे तर हाय."
"दुसरा बनवून देते त्याला, खेळायच्या वयाचा झाला की. हा नाही."
"एवढ्याशा गोष्टीसाठी ताईशी वाकडं घेतं का?"
एवढीशी असेल तर तुम्हीच ताईंना नाही म्हणा, म्हटलं. पेपर उघडून बसला.

१६ फेब्रुवारी, रविवार
लिहिते. आजचं आजच.
बाळासाठी झबलं-टोपडं आणि पायातले वाळे नेले. मंडप, खिरीचा वास, सगळं छान. बुद्धवंदना झाली, नाव ठेवलं. बायका पाळण्याभोवती जमल्या तशी मीही गेले. कोणीतरी माझ्या कोपराला धरून मागे घेतलं. "तू इथं बस बाई, खुर्चीवर." गोड आवाजात. मी बसले. मग स्वतःचाच राग आला, काहून बसले म्हणून. उठून पुढे गेले आणि पाळण्याची दोरी धरली. दोन झोके दिले. बाळ झोपलेलं होतं, त्याला कशाचंच काही नाही.
तेवढ्यात ताई, सगळ्यांसमोर: "ट्रक कुठं हाय वं?"
"घरी आहे, ताई."
"गौतम तर आणतो म्हणला होता."
"तो त्यांचा नाही. माझा आहे."
ताई हसल्या, सगळ्यांकडे बघून. "ठेव बाई, ठेव. तुले अजून आशा असंल."
मी ओरडले नाही. हे लिहून ठेवते, कारण उद्या लोक ओरडली म्हणतील. साध्या आवाजात सांगितलं. "आशा नाही, ताई. दोन वर्षांआधी आम्ही दोघांनी उपचार बंद केले. ठरवून. आता मी ट्रक बनवते आणि तो मीच चालवते."
 गौ. ताटात बघत होता. सासूबाई खांबाजवळ, हातात खिरीची वाटी.
परतताना यवतमाळपासून जीपमध्ये आम्ही दोघी शेजारी होतो, गौ. पुढे ड्रायव्हरजवळ.  दारव्ह्याला उतरल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मले आधी सांगायचं होतं."
"यांनी सांगायचं होतं, आई."
त्यांनी गौ. कडे बघितलं. तो पाठ फिरवून रिक्षा शोधत होता.

१८ फेब्रुवारी
सासूबाई त्याच्याशी बोलत नाहीत. ताट वाढतात, बस. माझ्याशी बोलतात, पण कामापुरतं.
काल कपड्यांच्या घड्या घालताना रडत होत्या. जवळ बसले, पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही.
आशा त्यांचीही होती. ती मी मंडपात, शंभर लोकांत मोडली. त्याचं वाईट वाटतं. पण बोलले त्याचं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
दुकानातून येऊन छपरीत टेकले तर डांगेकाकू कुंपणापाशी. मी खांबाआड, त्यांना दिसले नसेन.
"अवं, तुही सून त्या गाडीशी खेळते म्हणे दिवसभर. डोक्यावर तर नाही ना झाला परिणाम?"
सासूबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मान वर केली नाही. "सुनेचा ट्रक हाय तो. तिले आवडते. तुले कायले त्रास होऊन राह्यला?"
मी जागची हलले नाही.
आत आल्यावर मात्र मलाच झापलं: "तुहे ते ठोकळे उचलत जाय. पायात रुतला माह्या. जीव गेला."
उचलले सगळे. हसू दाबत.

२ मार्च, रविवार
आज गावाबाहेरच्या नाल्यात. कोरडा आहे, खडकच खडक. बॅटरीचा डबा खाली, चाकांच्या मधोमध घेतलाय, त्यामुळे कलला तरी उलटत नाही. चाकांच्या खाचांत काळी माती भरली होती, काडीनं काढली.
गौ. म्हणाला, मी सोडतो गाडीनं. सोडून निघून जाईल वाटलं. गेला नाही. वर रस्त्याच्या कडेला मोटरसायकलला टेकून उभा, हेल्मेट डोक्यात तसंच, काच खाली. ओळखीचं कोणी गेलं तर ओळखू नये म्हणून. मार्चच्या उन्हात!
मोठ्या खडकावर ट्रक अर्ध्यात थांबला. पुढची चाकं वर, मागची घसरतायत. मागे घेतला, तिरपा लावला, परत. परत तेच. पुन्हा मागे घेतला.
वरून आवाज आला, हेल्मेटमधून घुमल्यासारखा. "उचलून ठेव ना वर."
"नाही."
"अवं, कोण पाहते इथं?"
"मी पाहते ना."
 दोन बैलगाड्या गेल्या, एक त्याच्या शाळेतलाच माणूस सायकलवरून गेला, थांबला, माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "कोणाचं हाय हो हे?"
मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं.
"बायकोचं," गौ. म्हणाला. आतूनच. काच खालीच होती.
माणूस गेला. मी रिमोट हातात घेऊन तशीच उभी. वर बघितलं तर त्यानं गाडीची किल्ली काढून खिशात टाकली आणि उतारावरून एक पाऊल खाली आला. एकच. तिथेच थांबला.
मी ट्रक परत मागे घेतला.