अंगातलं जास्तीचं लोह

४ फेब्रुवारी
आज पुन्हा कामावर डोळा लागला. हातात सुई, मांडीवर कुणाच्या तरी सोफ्याचं निळं कव्हर, आणि मी चक्क घोरतेय! मालक म्हणाले, "बाई, सोफा शिवायचाय, त्यावर झोपून दाखवायचं नाहीये." सगळे हसले. मीही हसले. पण उठताना टेबल धरून उठले.

घरी ह्यांनी ताट वाढून ठेवलेलं – कलेजी, हिरवा पाला, शेजारी टॉनिकचा चमचा. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ह्यांना माझ्याशिवाय दुसरा उद्योग नाही. तीस वर्षं पत्रं खणांत लावली, आता माझ्या लोहाच्या गोळ्या लावतात. "थकवा म्हणजे रक्त कमी. रक्त कमी म्हणजे लोह कमी." झालं! पाच महिने हेच चाललंय. तक्रार नाही. एवढं कोण करतं कुणासाठी?

१२ फेब्रुवारी
उजव्या हाताची पहिली दोन बोटं मुळाशी सुजलीत. कात्री धरवत नाही. ह्यांनी गोळी दुप्पट केली.

२० फेब्रुवारी
शेजारीण म्हणाली, "काय गं, सुट्टीवर जाऊन आलीस का? छान रापलीयस!" कसली सुट्टी. कारखाना आणि घर, घर आणि कारखाना. पण आरशात पाहिलं तर खरंच – रंग तांबूस, करडा, विचित्र. हे खूष. "बघ, रक्त वाढतंय!"

२७ फेब्रुवारी
शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. जेमतेम तिशीची पोरगी. माझी ती दोन बोटं दाबून पाहिली, पुन्हा दाबली. मग विचारलं, "औषधं काय घेता?"

हे याच क्षणाची वाट बघत होते! पिशवीतून एकेक बाटली काढून तिच्या टेबलावर ओळीने मांडली. ती पाहत राहिली. म्हणाली, "काका, हे सगळं आजपासून बंद. रक्त तपासू, मग बोलू."

परतीच्या वाटेवर हे बाटल्यांवरची लेबलं वाचत राहिले.

५ मार्च
अंगात लोह कमी नाही. जास्त आहे! साठा दीडशेच्या आत हवा, माझा अठराशे चाळीस. आकडा मी दोनदा वाचायला लावला.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. लोह हवंच, पण जास्त झालं की शरीराला ते बाहेर टाकता येत नाही. म्हणून निरोगी आतडं हवं तेवढंच आत घेतं. माझ्या दाराला कडीच नाही – येईल ते आत. ते जाऊन बसतं यकृतात, सांध्यात, हृदयात. महिन्याची पाळी होती तोवर थोडं वाहून जात होतं. ती थांबली आणि साठत गेलं. बहुधा जन्मापासूनचा दोष आहे, पक्कं कळायला आणखी एक तपासणी करायची.

हे एवढंसं तोंड करून म्हणाले, "म्हणजे मी तिला विष घालत होतो."

"भर तुम्ही घातलीत काका, खोटं कशाला बोलू? ज्याला कमी नाही त्याने तपासल्याशिवाय लोह घेऊ नये. पण मूळ तुमचं नाही. आणि कदाचित तुमच्या गोळ्यांमुळेच लवकर उघडं पडलं. यकृत अजून चांगलं आहे."

यकृत चांगलं आहे. हे वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते.

६ मार्च
ह्यांनी सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. मोरी धडधाकट होणार आता! असं म्हटलं तेव्हा कुठे हसले.

११ मार्च
उपचार काय, तर रक्त काढायचं! दर आठवड्याला एक पिशवी. नवं रक्त करायला शरीर साठ्यातलं लोह वापरतं, साठा उतरतो. इतकं साधं.

नर्स बारीक, लांब नाकाची. मी मनात तिचं नाव डासबाई ठेवलं. हात मात्र पिसासारखा हलका. सुई कधी गेली कळलं नाही. जाताना कॉफी दिली वर!

१ एप्रिल
चौथी पिशवी. दुपारी तीन वाजता मी जागी होते! मालकांनी मुद्दाम येऊन पाहिलं.

हे आता मला प्रत्येक जेवणासोबत चहा देतात. चहाने लोह कमी शोषलं जातं असं कुठेतरी वाचलंय. खण बदलले, माणूस तोच. देवा, हा माणूस मला दिलास, उपकार झाले.

८ एप्रिल
दुसरी तपासणी आली. दोष जन्माचाच, आई आणि बाबा दोघांकडून आलेला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "भावंडं आहेत?"

"एक मोठा भाऊ होता. अकरा वर्षांपूर्वी गेला. यकृत."

"पीत होते?"

मी हो म्हणाले. मग जीभ अडखळली. "तो नाही म्हणायचा."

ती पुढे विचारत गेली. मधुमेह? होता. बोटं दुखायची? गवंडी होता, सगळे म्हणायचे कामाने दुखतात. रंग? काळवंडलेला.

तिने पेन खाली ठेवलं. "आता खात्री कशी देणार? पण हेच असू शकतं."

मी घरी कशी आले आठवत नाही.

९ एप्रिल
दादा माझ्याकडे जेवायला यायचा. दारूचा वास येतो का म्हणून मी त्याचा पाण्याचा पेला आत नेऊन हुंगायची. एकदा त्याने दारातून पाहिलं. अर्ध्या जेवणावरून उठला. नंतर आलाच नाही.

लिहवत नाही.

१४ एप्रिल
वहिनीकडे जाऊन आले. दोन तास बस. अंत्यविधीनंतर पहिल्यांदा तिच्या दारात. वाटलं, तोंडावर दार लावेल. तिने आधी माझ्या हातावरचे सुयांचे काळेनिळे डाग पाहिले. "काय झालं गं?"

सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, भिंतीकडे बघत. मग म्हणाली, "मी घर पालथं घातलं होतं. माळा, पिंप, त्याचे बूट. एकही बाटली सापडली नाही. म्हटलं, किती बेरकी माणूस! कुठे लपवतो?"

दोघी रडलो. अकरा वर्षांचं रडलो. तिने उठून दवाखान्याच्या जुन्या कागदांची पिशवी काढून दिली. "तुझ्या डॉक्टरणीला दाखव. आणि पोराचं रक्त तपासायला सांग. माझं ऐकणार नाही तो."

भाचा गाड्यांच्या गॅरेजात काम करतो. एकतीसचा. तिथेच गाठला. वडिलांचं नाव काढताच हातातला पाना ठेवला. "आत्या, त्या माणसाबद्दल माझ्यासमोर बोलायचं नाही."

"नाही बोलत. फक्त रक्त तपासायला हात पुढे कर."

कसा कोण जाणे, पण केला! तिथून थेट तपासणीला नेला.

२९ एप्रिल
भाच्याचं लोहही वाढलेलं. पण थोडं. यकृत स्वच्छ. आत्ताच कळलं म्हणून त्याला काही होणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी त्यांचे हात धरले आणि सोडवेचनात.

१३ मे
डॉक्टरीणबाईंनी दादाचे कागद पूर्ण वाचले. एका अहवालाच्या मागच्या पानावर, अगदी खाली, एक ओळ – यकृताच्या तुकड्यात लोहाचे दाट साठे. कुणी पान उलटलंच नव्हतं. म्हणाल्या, "आता मला शंका उरली नाही. तुमचा भाऊ खरं बोलत होता."

बसमधून उतरून वहिनीला तेवढं एकच वाक्य सांगितलं. तिने ते पुन्हा म्हणायला लावलं. मग पुन्हा.

१९ मे
सकाळी भाच्याचा फोन. आधी पुढच्या तपासणीची तारीख विचारली. मग म्हणाला, "आत्या, बाबांचा एखादा फोटो आहे का तुझ्याकडे? आमच्याकडचे सगळे मी जाळले."