अकरा वाजताची घोडी

सारंगखेडा,
माघ वद्य ४, शके १८५९

तीर्थरूप वीरसिंगदादांच्या चरणी धाकट्या गुलाबसिंगाचं मस्तक (हल्ली बरंच हलकं झालेलं) ठेवून विनंती की, इकडे सर्वांची खुशाली आहे. वहिनींचे गुडघे कसे आहेत? थंडीत एरंडेल चोळून घ्यायला सांगावं. माझ्या डोक्याचं काय झालं, असं आपण दोन पत्रांत विचारलंत. उत्तराला उशीर झाला, कारण जे झालं ते कागदावर उतरवताना हात थांबत होता.

दसऱ्यानंतर नंदुरबारच्या डॉक्टरांनी माझी लघवी निळ्या औषधात उकळली, ती विटेसारखी लाल झाली. मधुमेह निघाला. रोज सकाळी इन्सुलिनची सुई सुरू झाली. ती टोचतात शेजारचे इद्रिसमियाँ (पूर्वी फौजेच्या दवाखान्यात होते, आमच्या गल्लीत त्यांना डॉक्टरांपेक्षा जास्त मान आहे). सुईनंतर अर्ध्या तासात जेवायचं आणि गोड टाळायचं, असे डॉक्टरांचे दोन हुकूम होते. दुसरा मी इतक्या निष्ठेने पाळला की पहिला विसरलो. मला वाटलं, जेवढं कमी खाऊ तेवढा रोग उपाशी मरेल.

दत्ताची जत्रा उठली आणि तिसऱ्या दिवशी, भर उन्हात, अकराच्या सुमारास डोकं ठणकू लागलं. ओलं पागोटं डोक्यावरच वाळून आवळत जावं तसं. हातपाय कापू लागले, अंगाला दरदरून घाम सुटला, गल्लीतले आवाज एकाएकी लांब गेले. पाहतो तो अंगणातल्या हौदापाशी एक पांढरी घोडी पाणी पीत उभी. मी समजलो, जत्रेतली कुणाची तरी सुटून आली असेल, आणि मालकाला शोधायला दवंडी द्या म्हणून ओरडलो. घरकामाची कौसाबाई धावत आली. तिने हौदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कोनासंगे बोली ऱ्हायनात? अठे घोडी नही!" घोडी तर चार हातांवर होती. ती पीत होती, पण पाणी हलत नव्हतं. अंगावरून पाणी निथळत होतं, पण फरशी कोरडी होती. मग तिने मान वळवली आणि मला तिचा फाटका डावा कान दिसला.

दादा, ती हंसी होती. आपले आबा जिच्यावर बसून पुराच्या तापीत उतरले, आणि जिच्यासकट परत आलेच नाहीत, ती.

चार दिवस ती रोज आली, आणि रोज एकेक पाऊल ओट्याजवळ. कौसाबाईने तोरणमाळच्या वाटेवरच्या पाड्यातून वाहरू भगताला आणवलं. गूळ, नारळ, शेंदूर, सगळी मांडामांड केली. वाहरूने माझे थंडगार हात चाचपले, घामाने भिजलेला सदरा पाहिला आणि शेंदूर बाजूला सारला. "याले भूत नही, भूक लागेल शे," म्हणाला, आणि भुताचा गूळ उचलून माझ्या तोंडात कोंबला. थोड्या वेळात घोडी धुरासारखी विरली, डोकेदुखीही उतरली. पण कौसाबाईच्या मनाने निराळंच घेतलं. गूळ घोडीला पोचला म्हणून ती गेली! दुसऱ्या दिवसापासून ती अकराच्या आधी हौदावर गुळाचा खडा ठेवू लागली. (मुंगळे खूश होते.) माझ्या वाट्याला अर्थातच काही नाही, मला गोड वर्ज्य.

हा गूळ सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी मी ओट्यापाशी कोसळलो. म्हणे, मी आबांच्या आवाजात, ते पुरात शेवटचं ओरडले तेच, "दोर सोडा" म्हणत होतो. इद्रिसमियाँ भिंत ओलांडून आले. मी अजून गिळू शकतो एवढं पाहून त्यांनी साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. शुद्धीवर येताच पहिला प्रश्न, "सकायले काय खादं?" मी म्हटलं, काही नाही. त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

डॉक्टरांनी मग नीट समजावलं. सुई घेऊन उपाशी राहिलं की रक्तातली साखर खाली जाते. डोकं दुखतं, घाम, कापरं, भूक, आणि माणूस भलतंच पाहतो, बोलतो. तेव्हा लगेच गूळ खायचा, मग भाकरी. साखर वर गेली तरी डोकं दुखतं, पण ते जड, सुस्त. तहान लागते, लघवी सारखी होते. तिथे गूळ म्हणजे आगीत तेल. (संक्रांतीला तिळाचे सात लाडू खाल्ल्यावर डोकं दुखलं, तेव्हा मी उपाय म्हणून आठवा खाल्ला. त्या दिवशी घोडी आली नाही, नुसती तहान आली.) आता आधी लक्षणं बघतो, लघवी उकळून रंग बघतो, मगच डोक्याला हात लावतो. सुईनंतर भाकरी. महिनाभर अंगण रिकामं आहे.

आपला आज्ञाधारक,
गुलाबसिंग

ता. क. आपलंही डोकं दुखतं, रात्रीतून चारदा उठावं लागतं आणि मोरीत मुंग्या लागतात, असं वहिनींनी कळवलंय. डोकेदुखीच्या पुड्या पुरे झाल्या. इकडे या, नंदुरबारला जाऊन लघवी तपासून घेऊ.

ता. क. दुसरा. आपली लघवी हे बोलावण्याचं निम्मं कारण झालं. मी कोसळलो त्या दिवशी घोडी ओट्याला लागून उभी होती, आणि रिकिबीत एक ओला पाय होता. वर बघायच्या आत साखरेचं पाणी आलं. या आठवड्यात दोनदा मी सुई घेऊन सकाळची भाकरी गायीला घातली. दोन्ही वेळा कौसाबाईने पकडलं, तिला वाटलं मी विसरलो. दादा, लवकर या, आणि मी घास गिळेपर्यंत रोज माझ्यासमोर बसा. मी बरा झालो, असं ती गल्लीभर सांगत फिरते आहे.