अविवाहित आजोबांचा नातू

तीर्थरूप आत्याच्या पायाशी भाच्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगाला आठ अंगं टेकावी लागतात आणि या खोलीत आम्ही सहाजण झोपतो, तेव्हा दोन-तीन टेकली असं समजून घे. बाकीची घरी आल्यावर.)

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस म्हटलं की तू मुद्दाम चढतेस, म्हणून या वेळी म्हणतच नाही. काकांना सांग, विडी सोडली असं ते मला फोनवर सांगतात तेव्हा मागे काडी ओढल्याचा आवाज स्पष्ट येतो. माझी तब्येत ठणठणीत आहे. हे सगळं फोनवरच सांगणार होतो, पण तू आधी जेवलास का विचारतेस, मग काय जेवलास विचारतेस, आणि मुद्द्यावर आलो की पैसे जातील ठेव म्हणून ठेवून देतेस. पत्र मधेच ठेवलंस तरी ते पुढे लिहिलेलं असतंच, एवढा त्याचा फायदा.

आधी चांगली बातमी. नोकरी टिकली आहे. टायरच्या दुकानातली सुटली, बेकरीतली मी सोडली, लॉजवरची कोणी सोडली यावर अजून वाद आहे, पण ही वर्तमानपत्राच्या छापखान्यातली टिकली. पायाला भिंगरी लावून जन्मलाय म्हणतेस ना, तिची कळ इथे कुठेतरी अडकली असावी. माझं काम म्हणजे न खपलेले अंक गावोगावहून परत येतात ते बांधायचे आणि रद्दीच्या गाडीत चढवायचे. सगळं जग बातमी ताजी असताना उघडतं, मी शिळी झाल्यावर उचलतो. तू शेजारणीला भाचा पत्रकार झाला म्हणून सांगितलंयस असं कळलं. राहू दे तसंच. सातवीत दोनदा बसलेला पत्रकार तिने तरी कुठे पाहिला असणार.

आता खरी गोष्ट. मी निघालो तेव्हा तू मला बजावलं होतंस की त्या माणसाला शोधायचं नाही. आणि त्याच दमात सांगितलंस की नाक आपल्यासारखंच, पुढे येऊन जरा डावीकडे वळलेलं, डावखुरा, वजनकाटे दुरुस्त करायचा, आणि डोकं असं तापट की चुलीची गरज लागू नये. न शोधण्यासाठी इतकी माहिती कोणी देत नाही, आत्या. मग गाडी हलताना खिडकीशी येऊन म्हणालीस, सापडलाच तर एवढंच बघ, तिथे त्याने दुसरं घर केलं होतं का. त्याला बाबा म्हणत दुसरं कोणी मोठं झालं का. बाकी मला काही नको. तू हे नाक पुसत म्हणालीस आणि दोष धुळीला दिलास.

मला आजोबांबद्दल तेवढंच माहीत जेवढं घरात भांडण झालं की बाहेर येतं. आजीच्या भावाचं किराणा दुकान. आजोबांनी त्याचा काटा तपासला आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, तो खोटा आहे म्हणून सांगितलं. आजीने भावाची बाजू घेतली, आजोबांनी पिशवी घेतली. तू तेव्हा दोन वर्षांची, बाबा आजीच्या पोटात. मग पुढे आपल्या गावचा ट्रकवाला या शहरातून जाऊन आला आणि सांगत सुटला की दुकानात एका बाईबरोबर हसत बसलेले पाहिले. त्या एका हसण्यावर आजीने उरलेला जन्म काढला.

तर आमच्या छापखान्यात वरच्या मजल्यावर जुन्या अंकांची खोली आहे. दोघांनी मिळून उचलावेत असे पुठ्ठ्यात बांधलेले गठ्ठे, छतापर्यंत. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिथे कोणी नसतं. मी जाऊन बसायला लागलो. निधनवार्तांचं पान काढायचं, बोट ठेवायचं आणि वाचत सुटायचं. (सुटायचं म्हणजे बोट सुटत नाही, ते सरपटतं. माझं वाचणं तुला माहीत आहे.) आपलं आडनाव इथे दर तिसऱ्या दुकानाच्या पाटीवर आहे, आणि आजोबांचं नाव त्या काळात ज्याला सुचलं नाही असा बाप झाला नसावा. तेव्हा त्याच नावाचे, त्याच आडनावाचे मेलेले इतके निघाले की त्यांचा एक मोहल्ला झाला असता.

मग मी डोकं चालवलं. इथेच घोटाळा झाला. जो तो मेलेला माणूस 'मनमिळाऊ स्वभावाचे व सर्वपरिचित' अशी सुरुवात करून छापलेला. मी म्हटलं, आपल्या घराण्यात आजवर मनमिळाऊ कोणी झालेलं नाही. तू नाहीस, बाबा नाहीत, आणि ज्याने मेव्हण्याला भर दुकानात उघडं पाडलं तो तर नाहीच. तेव्हा मनमिळाऊ दिसला की बोट उचलायचं, पुढचं वाचायचंच नाही. असे मी महिनोन्महिने मनमिळाऊ बाजूला काढले आणि शेवटी माझ्या हाती एकच गृहस्थ उरले, जे 'स्पष्टवक्ते' होते.

मी त्यांच्या घरी गेलो. पत्ता बातमीतच होता. बंगला, कुंड्या, दारावर कुत्र्यापासून सावध राहण्याची पाटी आणि पाटीखाली झोपलेलं कुत्रं. सुनेने दार उघडलं. मला काय बोलावं सुचेना, तेव्हा म्हणालो, सासरे वारल्याचं वाचलं म्हणून भेटायला आलो. ती म्हणाली, त्यांना जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली. मी म्हणालो, मी आजच वाचलं. हे खरंही होतं. तिने जरा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि आत हाक मारून सांगितलं की अहो, बाबांना भेटायला कोणीतरी आलंय.

आत्या, मला वाटलं आता कुत्रं उठणार. पण त्यांनी मला बसवलं. चहा आला. मुलगा आला, वरच्या मजल्यावरून मुलगी आली, ती चष्मा विसरली म्हणून परत जाऊन आली. भिंतीवर फोटो होता. सरळ, बारीक, मास्तरी नाक. आपलं नाही. हे मला पहिल्या घोटालाच कळलं होतं, पण तोवर ते सगळे सुरू झाले होते. बाबा असे चिडायचे, बाबांनी पाहुण्यांना असं घालवलं, बाबा एकदा स्वतःच्याच सत्कारातून उठून आले. हसता हसता मुलीचे डोळे भरले. आता त्या घरात त्यांच्याविषयी नवीन माणसाला सांगायची संधीच कुठे उरली होती? मी उठलो असतो तर मेलेला माणूस दुसऱ्यांदा मारल्यासारखं झालं असतं. संध्याकाळपर्यंत बसलो, दोनदा डोळे पुसले, आणि खरं सांगतो, खोटे पुसले नाहीत. निघताना म्हणाले, येत जा. मी एकदा जाऊनही आलो.

पण आपला प्रश्न तिथेच. मग मी खाली निधनमास्तरांकडे गेलो. हे आमच्याकडे निधनवार्ता घेणाऱ्या खिडकीवर बसतात, केस पांढरे झाले तरी तिथेच आहेत. जिवंत माणसाशी बोलतानाही आता नावाआधी 'कैलासवासी' लावतील असा त्यांचा चेहरा. त्यांना मी म्हटलं, मास्तर, या शहरात भांडखोर माणसं मरतच नाहीत का? त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अरे बाळा, मनमिळाऊ हा शब्द त्या माणसाचा नसतो, माझा असतो. घरचे समोर रडत उभे असतात, त्यांना काही सुचत नसतं. मी विचारतो, मनमिळाऊ घालू का? ते मान हलवतात. आजवर नको कोणी म्हटलेलं नाही."

म्हणजे मी जे फेकले त्यातच आजोबा होते. पुन्हा वर गेलो, पुन्हा सगळे मनमिळाऊ उघडले. आणि सापडले, आत्या. चार ओळी. मी पाठ केल्यात: 'मनमिळाऊ स्वभावाचे व सर्वपरिचित, बाजारपेठेतील वजनकाटे दुरुस्त करणारे कारागीर', मग आजोबांचं पूर्ण नाव, 'यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. ते अविवाहित होते. त्यांच्या पश्चात कोणी नाही.'

मी ते तीनदा वाचलं. आधी मला राग आला. अविवाहित म्हटल्यावर तू झाली नाहीस, बाबा झाले नाहीत, आणि मी तर वर्तमानपत्राच्या हिशेबाने हवेतूनच आलो. ज्याच्या पश्चात कोणी नाही त्याचा नातू त्याच्याच बातमीवर बोट ठेवून बसलाय. मग हळूहळू डोक्यात शिरलं की आजीने ज्या घरावर जन्म जाळला ते घर या चार ओळींत नाही. पण मास्तरांनीच सांगितलं होतं की छापलेला शब्द माणसाचा असतोच असं नाही. तेव्हा बाजारपेठेत गेलो.

त्यांचं दुकान आता मोबाईलच्या कव्हरांचं आहे. शेजारी मात्र जुनं शिवणकामाचं दुकान तसंच. आत एक म्हातारी बाई काज करत बसलेली, तिचा नवराही शिंपीच, तो गेल्यापासून ती एकटीच मशीन चालवते. मी दारात उभा राहिलो. बाईंनी सुई थांबवली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नाक तेवढं परत आलं म्हणायचं."

मग त्यांनी मला आत घेतलं आणि जवळजवळ तासभर आजोबांना शिव्या दिल्या. निधनाची बातमी द्यायला त्याच गेल्या होत्या, पण मनमिळाऊ त्यांनी घालायला सांगितलं नव्हतं, मास्तरांनी विचारलं तेव्हा त्या शिंकल्या आणि मान हलली असं त्यांचं म्हणणं. ट्रकवाल्याने पाहिलेली हसणारी बाई याच. मी चाचरत तो विषय काढला, तर त्या इतक्या हसल्या की टाचण्यांची डबी सांडली. म्हणाल्या, "त्याच्याशी संसार? मी त्याच्याशी एक भिंत वाटून घेतली, तेवढं पुरे झालं." आजोबा दुकानाच्या मागेच झोपायचे. एक खाट, एक स्टोव्ह. दुसरं कोणी कधी आलं नाही. लग्न झालंय का विचारलं तर नाही म्हणायचे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे, आत्या. त्यांना बाबा म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं. पहिलंही नव्हतं, पण ते त्यांनीच करून ठेवलेलं.

एक गोष्ट मात्र लिहू की नको असं करत लिहितो. बाजारातल्या बायका लहान पोरं घेऊन यायच्या, आजोबा त्यांना नुकत्याच दुरुस्त केलेल्या काट्यावर बसवून वजन सांगायचे, फुकट. आणि एखादी पोर साधारण दोन वर्षांची असली की दर वेळी तोंडातून निघून जायचं, आमची साडेअकरा किलो होती. मग काटा पुसायला घ्यायचे. शिंपीबाईंच्या नवऱ्याने एकदा धरलंच, की ही आमची कोण? तेव्हा म्हणाले, मुलं आहेत म्हटलं की लोक विचारतात, मग तू इथे काय करतोस. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी बाईंना विचारलं, एवढं माहीत असून तुम्ही अविवाहित का छापलंत? त्या म्हणाल्या, तो जन्मभर तेच सांगत आला, मेल्यावर मी त्याला खोटा पाडू?

हे काही माफीचं कारण नाही, आत्या. वजन लक्षात ठेवलं म्हणून सोडून गेलेल्याला हार घालायचा असं मी म्हणत नाही. परत जायला उशीर झाला की अजून उशीर करणं सोपं जातं, हे मी प्रत्येक नोकरीत शिकलोय, पण मुलगी म्हणजे काही बेकरी नाही. मला जे कळलं ते तुझ्यापर्यंत पोचवलं. मला यात काही मागायचं नाही, पत्र एवढ्याचसाठी. काकांना, बाबांना आणि तुझ्या हट्टी गुडघ्याला नमस्कार.

तुझा, अजून नोकरीत असलेला, भाचा.

ता. क. मागायचं नाही असं वर लिहिलंय, ते लिहिताना खरं होतं. मी मास्तरांना विचारून बसलोय की छापलेली चूक दुरुस्त करता येते का. ते म्हणाले येते, पण रक्ताच्या माणसाची सही लागेल. मी म्हटलं मी नातू. ते म्हणाले, आमच्या कागदाप्रमाणे अविवाहिताला नातू नसतो. मी म्हटलं, मग मुलगी तरी कशी असेल? त्यांनी पुष्कळ विचार केला आणि म्हणाले, ती समोर येऊन उभी राहिली की बघू. बाबांना फोन केला होता. ते म्हणाले, मी त्यांना पाहिलंच नाही, ताई म्हणेल ते. तेव्हा तू ये. गाडी सरळ आहे, बदलावी लागत नाही. शिंपीबाईही म्हणाल्या, लवकर बोलाव, मी काही कायमची नाही.

ता. क. दुसरा. मास्तरांनी मजकूर करून ठेवलाय. 'पूर्वी प्रसिद्ध झालेल्या निधनवार्तेत ते अविवाहित असल्याचे छापले गेले, ते चूक आहे. त्यांच्या पश्चात मुलगी व मुलगा आहेत.' मग पेन थांबवून त्यांनी विचारलं, मुलीचं नाव घालू, की नुसतं मुलगी? यावर मला मान हलवता आली नाही. तेवढी जागा त्यांनी कोरी सोडली आहे. तुला त्यात यायचं नसेल तर तसं लिही, ती कोरीच राहील, आणि मी पुन्हा कधी विचारणार नाही. (विचारीन. पण या वर्षी नाही.)