दोर विरलाय, हे सांगायचं कुणी?

बुधवार, ता. ४

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

सगळं ठीक, सगळं ठीक, सगळं ठीक! चार ओळींचं पत्र आणि त्यात तीनदा ठीक. ठीक असलेला माणूस इतक्यांदा ठीक म्हणत नाही. फोनवर विचारलं की तू नुसतं हं-हं करतोस आणि मग नेमकी तुमच्या जहाजाची रेंज जाते. म्हणून बसून लिहितेय. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण तुला लागतं ते. तुझी बायको याचा फोटो काढून पाठवेल. तूही हातानं लिहून तसाच पाठव. हातानं खोटं लिहायला वेळ लागतो.

मला काय दिसलं ते सांगते. परवा तू तुझ्या खोलीचा फोटो धाडलास. त्यात वरची गादी गुंडाळलेली आहे. तिथे तो हसरा झोपतो ना, परमुलखातला तुझा सोबती? त्याची भाषा तुला येत नाही, तुझी त्याला येत नाही, तरी वर्षभर एकाच डबीतला साबण वापरता. तो कुठे गेला? भांडलात का? तुझी बायको म्हणते की वन्संना उगाच शंका काढायची सवय आहे. अरे, वीस वर्षं दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी धुतेय मी. गुंडाळलेली गादी मला कळते.

खरं असेल ते लिही. माझा लोभ कुठे पळून जात नाही.

ताई

रविवार, ता. ८, जहाजावरून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तू गादी पाहिलीस, आता लपवून काय करू? हसरा दवाखान्यात आहे. मागच्या बंदरात जहाज धक्क्याला बांधताना दोर तुटला आणि त्याचा फटका त्याच्या पायावर बसला. हाड दोन ठिकाणी मोडलं. त्याला तिथेच उतरवून आम्ही पुढे निघालो.

तो दोर विरलाय हे मी तीन दिवस आधी पाहिलं होतं. आतल्या धाग्यांचा भुगा हाताला लागला होता. दोर सांभाळायचं काम सारंगाचं, म्हणजे आम्हा खलाशांच्या मुकादमाचं. तो तिसऱ्याच मुलखातला, वयानं बापाच्या जागी. गाठी त्यानंच शिकवल्या, मला ताप आला तेव्हा उशाशी बसला. त्याच्या मुलखात मोठ्या माणसाची चूक चारचौघांत दाखवणं म्हणजे त्याच्या थोबाडीत मारण्यासारखं. मला वाटलं, त्याला ठाऊक असेलच. जहाजाचा मोठा साहेब रोज सकाळी विचारतो की काही अडचण आहे का. आम्ही पाच मुलखांचे पंधरा जण नाही म्हणून माना हलवतो. साहेबाच्या देशात कुणी बोललं नाही म्हणजे सारं सुरळीत. आमच्या गप्प बसण्यात काय काय असतं, ते त्याला कोण सांगणार?

आता अपघाताचा कागद तयार झालाय. त्यात लिहिलंय की दोर चांगला होता, हसरा नको त्या जागी उभा राहून मस्करीत हसत होता. साहेबानं त्याला हसताना पाहिलं हे खरं आहे. पण ताई, तो घाबरला की हसतो. त्यांच्याकडे तसंच असतं. वडील गेल्याची बातमी आली तेव्हाही तो हसत होता आणि हातातला पेला थरथरत होता. त्या जागी त्याला सारंगानंच उभं केलं होतं. कागद असाच गेला तर त्याची नोकरी जाईल आणि पायाचा इलाजही कंपनी करणार नाही. सोमवारी, सोळा तारखेला, पुढच्या बंदरात कंपनीचा माणूस चौकशीला येणार आहे. सगळ्यांच्या सह्या झाल्या, माझी राहिलीय. सारंग जेवताना माझ्या ताटाशेजारी नुसता पेन ठेवून जातो.

तू काय म्हणशील हे ठाऊक होतं, म्हणूनच लिहीत नव्हतो. राग कर, पण लोभ आटवू नकोस.

तुझा धाकटा

मंगळवार, ता. १०

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पहिल्यांदा तुला चांगल्या पानभर शिव्या लिहिल्या होत्या. तो कागद फाडला. का फाडला ते ऐक.

काल धुलाईघरात वाफेची नळी फुटली. सगळ्या चहाला उठल्या होत्या म्हणून, नाहीतर कुणाचं तरी तोंड भाजलं असतं. माझ्या हाताखाली एक नवी बाई आलीय, परमुलखातली, आपली भाषा तोडकीमोडकी बोलते. तिनं चार दिवस त्या नळीच्या गळक्या सांध्याला फडकं गुंडाळून ठेवलं होतं. मी तोंडाचा पट्टा सोडला, सांगायला जीभ झडली होती का म्हणून. तेव्हा आमची सगळ्यांत जुनी बाई मधे पडली. म्हणाली की ही दोनदा तुमच्याकडे आली होती, दोन्ही वेळा तुम्हीच ‘आधी हातातलं संपव, मग तोंड उघड’ असं म्हणून पिटाळलंत. आणि मला ते आठवलं रे. दोन्ही वेळचं आठवलं.

घरी येताना तुझा शाळेचा सदरा डोळ्यांपुढे आला. आई गेल्यावर मी शिवलेला पहिला सदरा, डावी बाही चार बोटं आखूड. तू वर्षभर हात मागे बांधून शाळेत गेलास. मला वाटलं, पोराला काय शिस्त लागलीय! शेजारीपाजारी मी सांगत फिरले. तुला गप्प बसायला जहाजानं शिकवलं नाही. माझ्या हाताखाली शिकलास तू.

ते माझ्या पदरात. हसऱ्याचा पाय मात्र तुझ्या पदरात आहे, तो माझ्यावर ढकलू नकोस. सही करायची नाही. आधी सारंगाकडे एकटा जा. चारचौघांत नको, त्याचा मान राहू दे. त्याला सांग की तुम्ही शिकवलंत म्हणून विरलेला दोर मला ओळखता आला, ओळखून मी गप्प बसलो, आणि सोमवारी हे सगळं कंपनीच्या माणसाला सांगणार आहे. आधी तुझी चूक, मग दोराची. हसऱ्याच्या हसण्याचंही सांग, त्या पेल्यासकट. ते तुझ्याशिवाय त्या जहाजावर कुणी पाहिलेलं नाही. नोकरी गेली तर ये इकडे, चादरी पिळायला दणकट माणूस हवाच आहे.

आज मी सगळ्यांसमोर नव्या बाईला म्हटलं की चुकलं माझं. तिला अर्धंच कळलं असावं. मग तिला पुढे घालून सगळे सांधे बघायला लावले. आणखी दोन गळके निघाले!

आता तुझी सवय मोडू. वडीलधाऱ्याच्या तोंडावर त्याची चूक सांगायची ना, मग पहिली मला सांग. इतकी वर्षं पोटात ठेवलेली माझी एक चूक लिही, साखर न लावता. बाही चालणार नाही, ती माझी मी शोधलीय. लोभ मागायची पाळी या वेळी माझी आहे, तो असू दे. शनिवारी, चौदा तारखेला, दुपारी बाराच्या आत फोटो आला पाहिजे. मी सकाळपासून तुझ्या बायकोच्या फोनपाशी बसणार आहे, आणि ठीक-बीक काही वाचणार नाही.

तुझी ताई