खातरजमा

गव्हाण, ३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप ताईस, धाकट्या दिनानाथचा शि. सा. न. वि. वि.

खोट्या फोनांनी जीव विटलाय. रोज कुणी बँकवाला, कुणी पोलीस. म्हणून ग्रामपंचायतीत बँकेच्या बाईंनी आम्हा म्हाताऱ्यांकडून एक शब्द पाठच करून घेतला: खातरजमा. अनोळखी नंबर आला की घरच्यांनाच ठाऊक असलेलं काही विचारायचं, मनाची खात्री पटेपर्यंत हलायचं नाही.

परवा तो कामी आला बघ. एक बाई हुबेहूब तुझ्या आवाजात रडत होती. मी शशीच हाय, तुझ्या भावोजींना दवाखान्यात आणलंय, लगेच ये, म्हणाली. मी विचारलं, आईनं जाताना शेवटचं काय मागितलं? तिची वाचाच बसली. मी फोन ठेवून दिला. तुझ्यासारखी बडबडी अशी गप्प बसेल होय?

फोन आता बंदच ठेवलाय, म्हणून हे पत्र. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा
दिनू

पनवेल, ८ नोव्हेंबर

चि. दिनूस, अनेक आशीर्वाद.

ती बाई मीच होते. माझा मोबाईल बंद पडला, नर्सनं तिचा दिला. यांची उजवी बाजू लुळी पडलीय. माझा जीवन तिकडं जहाजावर नोकरीला. सोबत कोण, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुझंच नाव तोंडात आलं. शेवटी सह्या एकटीनंच केल्या. आता यांना भरवते, कूस बदलून देते. रागवायचंही त्राण नाही रे.

शब्द चांगला आहे तुझा. पण खात्री करायला येऊन बघायचंस, पनवेल काही लांब नाही.

आणि उत्तर मला खरंच ठाऊक नव्हतं. आई गेली तेव्हा मी जीवनची ओली बाळंतीण. तुम्ही तेराव्यानंतर कळवलंत. ती काय म्हणाली, हे चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नाही, मलाही विचारायचा धीर झाला नाही. आता तूच विषय काढलायस, तर लिही.

माया आटलेली नाही, एवढं जाण.

तुझी
शशिकला

गव्हाण, ११ नोव्हेंबर

ताई, शि. सा. न.

हे पत्र माझ्या लेकीच्या, किशोरीच्या हाती पुढं पाठवतोय. दुपारपर्यंत मीही पोचतो, भावोजी उठून बसेपर्यंत तिथंच राहीन. समोर आलो की तोंडातून निघणार नाही, म्हणून आधी लिहितो.

मला वाटायचं, तुला कुणीतरी सांगितलं असेल. आईनं पाणीसुद्धा मागितलं नाही. शशीला बोलवा, म्हणाली. दोनदा म्हणाली.

तेव्हाही आम्ही तुला बोलावलं नाही.

लोभ कुठल्या तोंडानं मागू?

दिनू